सीडी बोलते कशी?

नागपूरहून वर्ध्याला जाताना पवनारच्या अलीकडे आमचे सेलू लागते. परभणीकडेही एक सेलू आहे, ते वेगळे. आमच्या घरी भिंतीतल्या फडताळात एक सीडी ठेवलेली आहे. तिच्यावर माझ्या मावशीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या आहेत. २००४ च्या सुमारास माझ्या भाच्याने मावशीला ओसरीवर बसवून तासाभराच्या ओव्या टिपून घेतल्या आणि त्यांच्या दोन सीड्या करून आणल्या. एक आमच्याकडे ठेवली, एक हिंगणघाटला माझ्या बहिणीकडे गेली. मावशी आता नाही. गेल्या दिवाळीत सगळी मंडळी जमली तेव्हा आम्ही ती सीडी लावली. सारे छान ऐकू आले. पण शेवटच्या ओवीशी आवाज तुटू लागला, टकटक होऊ लागली, आणि ओवी पुरी व्हायच्या आतच यंत्र गप्प झाले. नातू म्हणाला, "आजोबा, मावशीआजी काहून थांबली?"

कारण मला कळले होते. चूक माझीच होती. पण ती चूक कोणती, हे समजायचे तर सीडी वाजते कशी, हे आधी समजले पाहिजे. म्हणून आजचे हे भाषण.

प्रथम जुनी गोष्ट. पुढे आपल्या सेवाग्रामला येऊन राहिलेले गांधीजी १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले होते. तिथे ते ग्रामोफोनच्या तबकडीसाठी बोलले. तो आवाज आजही ऐकायला मिळतो. त्या तबकडीवर एक नागमोडी खाच असते. आवाजाने हवा जशी थरथरली, तशीच ती खाच वळणे घेत जाते. सुई त्या खाचेतून फिरली की ती पुन्हा तशीच थरथरते, आणि आवाज उमटतो. म्हणजे खाच ही आवाजाची आकृतीच असते. पण सुई दर वेळी थोडी खाच झिजवते. पुढे कॅसेट आली. तिच्यात खाचेच्या जागी चुंबकत्वाचा कमीजास्तपणा आला, पण तीही आकृतीच. कॅसेटवरून कॅसेट केली की खरखर वाढते, आणि तिच्यावरून तिसरी केली की आणखी वाढते. गावातली बातमी चार घरे फिरली की जशी बदलते, तसेच हे.

सीडीचा मार्ग निराळा आहे. तिच्यावर आवाजाची आकृती नसते. तिच्यावर आकडे असतात.

आता असे पाहा. आमच्या तालुक्यात बोर धरण आहे. धरणातले पाणी वर चढते, खाली उतरते. समजा, कोणी रोज मोजपट्टीवर पातळी वाचून वहीत आकडा लिहून ठेवला. नागपूरला बसलेल्या माणसाने धरण कधी पाहिले नसेल, तरी ती वही हाती आली की तो कागदावर ठिपके देऊन पाण्याचा चढउतार काढू शकतो. वही दहा जणांनी उतरवून घेतली आणि उतरवताना चूक केली नाही, तर दहावी वही पहिल्या वहीइतकीच खरी असते. आकड्याला खरखर लागत नाही.

सीडीवर आवाजाची अशीच वही असते. फक्त पातळी दिवसातून एकदा न वाचता एका सेकंदात ४४,१०० वेळा वाचलेली असते. तीही डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही बाजूंसाठी वेगवेगळी. आणि मोजपट्टीवर खुणा किती? ६५,५३६. एवढ्या वेळा कशाला मोजायचे, असे कोणी विचारील. तरुण माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. जेवढी कंपने टिपायची, त्यांच्या दुपटीहून जास्त वेळा मोजले की दोन मोजण्यांमधली लाट नेमकी कशी होती, हे गणिताने पक्के सांगता येते. अमेरिकेचे क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली हे सूत्र स्पष्ट करून मांडले. वीस हजारांच्या दुपटीवर थोडे जास्त, म्हणून ४४,१००.

यंत्राला आपले दहा अंक कळत नाहीत. त्याला कळते फक्त होय आणि नाही. हजेरीपटावरची हजर आणि गैरहजर अशी खूण समजा. अशा सोळा खुणा ओळीने मांडल्या की ६५,५३६ पैकी कोणताही आकडा लिहिता येतो. हिशेब केला तर एका सेकंदाच्या गाण्याला १४,११,२०० खुणा लागतात. शिक्षक मंडळींनी हा गुणाकार मुलांकडून फळ्यावर जरूर करून घ्यावा: ४४,१०० गुणिले १६ गुणिले २.

आता एवढ्या खुणा मावतात कुठे? फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून सीडीचे नियम ठरवले, आणि १९८२ च्या ऑक्टोबरात जपानात सीडी वाजवणारे पहिले यंत्र विक्रीला आले. ते नियम आजही तेच आहेत. सीडीचा व्यास १२ सेंटिमीटर, जाडी १.२ मिलिमीटर. ती पारदर्शक प्लास्टिकची असते. प्लास्टिकच्या वरच्या अंगाला अतिशय बारीक खड्ड्यांची एक ओळ मधून सुरू होऊन गोल गोल फिरत कडेपर्यंत जाते. ग्रामोफोनची तबकडी कडेकडून मध्याकडे वाजते. सीडी मध्याकडून कडेकडे. खड्ड्यांवर ॲल्युमिनियमचा अगदी पातळ मुलामा असतो, त्यावर रोगणाचा एक हात, आणि त्यावर नावाची छपाई. ही रचना लक्षात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे: खुणा नावाच्या बाजूला, रोगणाच्या पातळ पापुद्र्याखाली असतात, खालची चकचकीत बाजू म्हणजे त्यांच्यावरची जाड प्लास्टिकची काच.

त्या ओळी इतक्या दाट असतात की एका मिलिमीटरच्या रुंदीत सहाशेहून अधिक बसतात. सारी ओळ उलगडून सरळ केली तर पाच किलोमीटरहून लांब भरेल. यंत्र ही वाट सेकंदाला सुमारे सव्वा मीटर या गतीने चालते. म्हणजे आपण बाजाराला पायी जातो, जवळजवळ तीच चाल! चाल सारखी ठेवायची म्हणून मध्याजवळ सीडी मिनिटाला सुमारे पाचशे फेरे घेते आणि कडेला येईतो दोनशेवर येते.

हे वाचायला सुई नाही. सुईच्या जागी लेझरचा किरण आहे. हा किरण तांबड्याच्या पलीकडचा, आपल्या डोळ्याला जवळजवळ न दिसणारा असतो; म्हणूनच यंत्र उघडून त्यात डोकावू नये. किरण खालून प्लास्टिकमधून वर जातो, मुलाम्यावर आपटतो आणि परत येतो. सपाट जागी तो जसाच्या तसा परततो. खड्ड्याच्या जागी मात्र गंमत होते. खड्ड्याची खोली प्रकाशाच्या लाटेच्या सुमारे पाव भागाएवढी ठेवलेली असते. जाताना पाव आणि येताना पाव, असा खड्ड्यावरून परतलेल्या आणि बाजूच्या सपाटीवरून परतलेल्या लाटांमध्ये अर्ध्या लाटेचा फरक पडतो. एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर येतो, दोघी एकमेकींना मारतात, आणि उजेड मंद होतो. परतलेला उजेड एका छोट्या विद्युत-डोळ्यावर पडतो. उजेड जास्त की कमी, तशी त्यातून वीज निघते.

पुष्कळांची समजूत असते की खड्डा म्हणजे एक आणि सपाटी म्हणजे शून्य. तसे नाही बरं का. खड्डा सुरू होतो किंवा संपतो ती कड म्हणजे एक. आणि जोवर काही बदलत नाही तोवर शून्य, शून्य, शून्य. ते शून्य किती, हे यंत्र वेळेवरून मोजते.

ग्रामोफोनच्या सुईला खाच धरून ठेवते. इथे किरणाला धरून ठेवणारे काही नाही, आणि फिरताना सीडी थोडी वरखाली व बाजूला डुलतेच. मग किरण ओळीवर राहतो कसा? डवरणी करताना धुरकरी काय करतो ते आठवा. बैल जरा ओळ सोडू लागला की तो कासरा ओढून त्याला परत आणतो. तसेच इथे. विद्युत-डोळ्याचे भाग केलेले असतात. कोणत्या भागावर उजेड कमी-जास्त पडतो, यावरून किरण डावीकडे सरकला की उजवीकडे, भिंग जवळ आले की दूर गेले, हे कळते. भिंग तारेच्या वेटोळ्यांवर टांगलेले असते. त्यांतल्या विजेने ते तत्काळ जागेवर आणले जाते. हा कासरा क्षणभरही सैल पडत नाही.

आता तुम्ही म्हणाल, इतक्या बारीक खुणा, आणि आपल्याकडे उन्हाळ्यातली धूळ! चरा पडला तर सारे संपले की नाही? पहिली गोष्ट अशी की धूळ प्लास्टिकच्या खालच्या अंगावर बसते आणि खुणा वरच्या अंगाला असतात. प्लास्टिकमध्ये शिरताना किरण पाऊण मिलिमीटरएवढा रुंद असतो, आणि खुणेपर्यंत पोचताना तो मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहून बारीक होतो. त्यामुळे बारीक धुळीची त्याला फक्त पुसट सावली लागते. पण चऱ्याचे काय? इथे गणित कामाला येते.

समजा, तुम्ही कापसाच्या पाच गाड्या बाजारात नेल्या. वजने भरली ७, ८, ६, ९ आणि ५ क्विंटल, आणि शेवटी एकूण ३५ लिहिले. घरी येईतो चौथी चिठ्ठी पावसात भिजली. तुम्ही हरकत घेत बसत नाही. ३५ मधून बाकीच्यांची बेरीज २६ वजा करता, आणि ९ हाती येतात. एकूण लिहिले होते म्हणून हरवलेला आकडा मिळाला. सीडीवर अशीच पडताळ्याची भर असते. गाण्याच्या दर २४ अंकगटांमागे ८ अंकगट केवळ पडताळ्याचे असतात, आणि त्यांचे गणित आपल्या बेरजेपेक्षा पुष्कळ खोल आहे.

दुसरी युक्ती पेरणीची. बोरच्या जंगलाला लागून असलेल्या शिवारात रानडुकरे रात्रीतून एक कोपरा उकरून टाकतात. एका वाणाचे सारे बी त्याच कोपऱ्यात असेल तर तो वाण गेला. पण सारे वाण ओळी-ओळींनी मिसळून पेरले असतील, तर प्रत्येकाचे थोडे थोडे जाते आणि प्रत्येकाचे बी शिल्लक राहते. सीडीवर लागोपाठचे आकडे असेच दूर दूर पेरलेले असतात. चरा पडला तर एका जागचे सारे न जाता अनेक जागांचे एकेक जाते, आणि पडताळ्याने ते भरून काढता येते. ओळीच्या लांबीत अडीच मिलिमीटरपर्यंतचे नुकसान अशा रीतीने पूर्ण भरून निघते. त्याहून जास्त झाले तर यंत्र शेजारच्या आकड्यांवरून अंदाज बांधते. तेही जमेना, तर गप्प बसते.

हे गणित रीड आणि सॉलोमन या दोन अमेरिकन गणितज्ञांनी १९६० साली मांडले. त्याच सुमारास राजचंद्र बोस आणि द्विजेंद्रकुमार रायचौधुरी या दोन भारतीयांनीही चुका दुरुस्त करणाऱ्या खुणांचे एक मोठे कुटुंब शोधून काढले; रीड-सॉलोमन यांची रीत त्याच कुटुंबातली. बोस यांचा जन्म १९०१ साली होशंगाबादचा. त्या वेळी होशंगाबाद आणि आपला वर्धा जिल्हा एकाच मध्य प्रांतात होते आणि राजधानी नागपूर होती. शाळेत गणिताचा तास घेताना ही गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे.

आकडे वाचून झाले, दुरुस्त झाले. आता त्यांचा आवाज व्हायचा. सीडीवरून आकडे थोडे पुढेमागे येतात. गावच्या टाकीत मोटारीचे पाणी कधी जोरात, कधी हळू पडते, पण नळाला धार सारखी लागते. तसेच हे आकडे आधी एका छोट्या साठ्यात पडतात, आणि तिथून गारेच्या स्फटिकाच्या घड्याळाबरहुकूम एकेक बाहेर सोडले जातात. मग एक चिप प्रत्येक आकड्याएवढा विजेचा दाब तयार करते. त्या ठिपक्यांतून गुळगुळीत लाट निघते, ॲम्प्लिफायर ती मोठी करतो, आणि कर्ण्यातून मावशी गाऊ लागते.

यंत्र जोडायचे दोन मार्ग आहेत, आणि शाळेत किंवा भजन मंडळात इथेच घोटाळा होतो. पहिला मार्ग असा की आकड्यांचा आवाज सीडीच्या यंत्रातच करायचा आणि तांबड्या व पांढऱ्या टोकांच्या दोन तारांनी तो ॲम्प्लिफायरला द्यायचा. आपल्याकडच्या साध्या ॲम्प्लिफायरला हाच मार्ग चालतो. दुसरा मार्ग असा की आकडे आकडेच ठेवून बाहेर पाठवायचे आणि त्यांचा आवाज पुढच्या यंत्रात करायचा. त्यासाठी एकतर एकच गोल टोकाची तार असते, जिची खोबण बहुधा नारिंगी रंगाची असते. किंवा प्लास्टिकचा पारदर्शक धागा असतो, ज्यातून तांबडा उजेड लुकलुकत जातो. हा धागा तोशिबा कंपनीने १९८३ साली आणला. आकड्यांची तार साध्या ॲम्प्लिफायरच्या तांबड्या किंवा पांढऱ्या खोबणीत खुपसली तर गाणे ऐकू येणार नाही. यंत्र बिघडले असे समजून कोणी ते उघडत बसू नये. तार योग्य जागी लावावी. जिथे 'आउट' लिहिले आहे तिथून निघून जिथे 'इन' लिहिले आहे तिथे जावे, एवढा नियम पाळावा.

या एकाच तारेतून आकडे जातात आणि त्यांचा तालही जातो. प्रत्येक खुणेच्या सुरुवातीला विजेची दिशा पालटते. खंजिरी भजनात झांजेच्या ठेक्यावर सारे चालतात, तसे पलीकडचे यंत्र त्या पालटण्यावरून ठेका धरते. ठेका डळमळला तर आवाजात दोष येऊ शकतो. पण बऱ्यापैकी यंत्र तो स्वतःच सावरून घेते. म्हणून फार महागड्या तारेच्या मागे लागू नका. तार धड असेल तर आकडे तेच पोचतात. धागा मात्र टोकदार मुडपू नये, आणि वापरात नसेल तेव्हा त्याच्या टोकाला टोपी घालून ठेवावी.

आता माझ्या चुकीकडे येतो. घरी किंवा दुकानात संगणकावर तयार केलेल्या सीडीत खरे खड्डे नसतात. तिच्यात रंगाचा एक थर असतो. लेझर तो जागजागी भाजतो आणि त्या डागांनाच यंत्र खड्डे समजते. हा रंग उन्हाने फिका पडतो. आणि रंगाचा थर व मुलामा, दोन्ही नावाच्या बाजूला, पातळ रोगणाखालीच असतात, हे मघाशी सांगितले. भाच्याने सीडी दिली त्या दिवशी मी मोठ्या हौसेने बॉलपेन घेतले आणि वरच्या बाजूला, कडेशी, दाबून दाबून मावशीचे नाव आणि तारीख लिहिली. सीडी मध्यापासून कडेकडे वाजते. कडेशी होती शेवटची ओवी. टोकदार पेनने मी मावशीचे नाव लिहिले, आणि त्याच रेघांनी तिचा आवाज खोडला. खालच्या बाजूचा चरा एक वेळ पुसता येतो, झिलई करता येते. वरून मुलामा गेला की किरण परतायला काही उरतच नाही. अशा वेळी गणितही हात टेकते.

मी हिंगणघाटला बहिणीकडे गेलो. तिची सीडी कागदी पाकिटात, पेटीत, अंधारात होती. तिच्यावर काही लिहिलेले नव्हते. शेजारच्या मुलाने बाहेरून जोडायचे वाचनयंत्र संगणकाला लावून ती उतरवली, आणि आमची सीडी जिथपर्यंत वाचता आली तिथपर्यंत दोन्हींचे आकडे संगणकाने ताडून पाहिले. ते तंतोतंत जुळले. पुढची ओवी तिच्यात पुरती होती. कॅसेटची नक्कल असती तर ती मूळच्याहून कमी दर्जाची निघाली असती. इथे नक्कल आणि मूळ असा भेदच नाही. जी वाचता येते ती मूळ.

श्रोतेहो, विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली. ती साने गुरुजींनी लिहून घेतली म्हणून आपल्याला मिळाली. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि २०१७ पासून त्या 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'वर सर्वांसाठी येऊ लागल्या. ती मोठी कामे. पण तुमच्या फडताळातल्या सीडीवरचा आवाज मोजायला कोणी मोठा माणूस येणार नाही. ते तुम्हालाच करायचे आहे.

म्हणून एवढे करा. सीडी कडेने धरा. पुसायची तर मऊ, ओलसर कापडाने मध्याकडून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवून नव्हे. कारण गोल चरा ओळीच्या बाजूने जातो आणि लागोपाठच्या खुणा खातो, आडवा चरा प्रत्येक ओळीतली थोडीच खातो. वर बॉलपेनने लिहू नका, उन्हात ठेवू नका. आणि मुख्य म्हणजे, सीडी वाचता येते आहे तोवरच ती उतरवून घ्या. नव्या संगणकांत सीडीची जागा बहुधा नसतेच. बाहेरून जोडायचे वाचनयंत्र घ्यावे लागते. उतरवताना आवाज आवळून लहान न करता पुरे आकडे ठेवणाऱ्या वेव्ह किंवा फ्लॅक या प्रकारात ठेवा. तीन ठिकाणी ठेवा, आणि त्यांतले एक ठिकाण दुसऱ्या गावात असू द्या. शिक्षकांनी मुलांना गृहपाठ द्यावा: घरी कोणाच्या आवाजाची सीडी किंवा कॅसेट आहे, कोणाचा आवाज, कोणत्या साली भरलेला, याची यादी करून आणा. यादी वहीत, कागदावर करावी. बॉलपेन तिथे चालेल.

हिंगणघाटहून परत आलो त्या संध्याकाळी नातवाला जवळ बसवून मी ती शेवटची ओवी लावली. ती पुरी झाली. मग जात्याची घरघर थोडा वेळ चालू राहिली, आणि मावशी कोणाला तरी म्हणाली, "झालं ना बाप्पा तुह्यं?" हे आम्ही कधी ऐकलेच नव्हते.